धरणारी गाठ

बैल कितीही ओढ घेणारा असो. दाव्याचे दोन वेढे खुंटाला दिले की पोरगासुद्धा त्याला आवरून धरतो. हे बळ पोराचे नव्हे, घर्षणाचे. अठराव्या शतकात लेओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने त्याचा हिशेब मांडला. वेढ्यांचे बळ बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. एका वेढ्याने पकड ६ पट झाली, तर दोहोंनी ३६ पट आणि तिहींनी २१६ पट!

खलाशांपाशी हे गणित नव्हते, पण युक्ती होती. ताणलेल्या जाड दोराला ते बारीक दोरीचे वेढे देत, ताण घटकाभर तिच्यावर घेत आणि मोकळे झालेले टोक खुंटाला बांधून टाकीत.

डोंगरावर अशीच युक्ती प्रसिद्ध केली ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी. हे गृहस्थ संगीताचे शिक्षक. पहिल्या महायुद्धात वाद्यांच्या तुटलेल्या तारा दुरुस्त करताना त्यांना ही गाठ सुचली, असे सांगतात. १९३१ साली त्यांनी ती गिर्यारोहकांपुढे मांडली. बारीक दोरीचे कडे करायचे आणि ते जाड दोराभोवती तीनदा स्वतःतूनच ओवायचे. भार नसला की गाठ हाताने सरकते. भार आला की जागच्या जागी आवळते. अशी दोन कडी असली, तर हिमाच्या भेगेत लोंबकळणारा माणूस दोरावरून आपला आपण वर येतो.

पुढे नैसर्गिक धाग्यांचे दोर गेले, नायलॉनचे आले. ते बळकट खरे, पण उष्णतेपुढे नरम. गाठ भाराखाली घसरत राहिली, तर ज्या घर्षणाने ती धरते तेच तिला वितळवते.

म्हणून कप्पी वा यारीवर ही गाठ वापरणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. कड्याची दोरी मुख्य दोराहून बारीक असावी; ११ मिलिमीटरच्या दोराला साधारणपणे ६ मिलिमीटरची. वेढे एकमेकांवर चढू देऊ नयेत. दोर ओला, चिखलाचा असेल तर पकड कमी धरावी. आधी थोडा भार देऊन पारख करावी. भाराखालची गाठ मुठीत धरू नये; भीतीने आवळलेली मूठच तिला सरकवते. यंत्राच्या ओढीला भान नसते, तेव्हा ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये. आणि माणसाचा जीव टांगलेला असेल, तर आधाराला दुसरा दोर हवाच.

शिक्षकबंधूंनी वर्गात काठी, सुतळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन वेढे मोजून दाखवावेत. सूत्र मुलांच्या बोटांनाच कळेल.