छातीवर कोण बसले?

झोप लागता लागता किंवा पहाटे जाग येता येता अंगाची जी एक विलक्षण अवस्था होते, तिचा अनुभव आमच्या वाचकांपैकी काहींना तरी असेल. डोळे उघडे असतात, खोली ओळखीची असते, शेजारच्याचे घोरणेही ऐकू येते. आणि तरी बोट हलत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही, आणि छातीवर कोणीतरी बसल्यासारखा भार वाटतो. काही क्षणांत, फार तर दोन-चार मिनिटांत, हा विळखा सुटतो. आपल्याकडे ‘झोपेत दडपलं’ म्हणून माणूस कूस बदलतो. कोणी मुंजाचे नाव घेतो. जपानात यालाच ‘कानाशिबारी’, म्हणजे धातूने जखडणे, म्हणतात. इंग्रजीतल्या ‘नाइटमेअर’ या शब्दातली ‘मेअर’ही घोडी नव्हे, निजलेल्याच्या उरावर बसणारी ती जुन्या काळची चेटकी होय. अनुभव सर्वत्र एकच, नावे मात्र देशोदेशी निराळी. आता, नावाने असा काय फरक पडतो, असे कोणी विचारील. फरक किती पडतो, याचे उत्तर सतराव्या शतकात सापडते.

१६६४ साली हॉलंडमधील उट्रेख्टच्या विद्यापीठातले वैद्य इस्ब्रांड फान डीमरब्रुक यांनी एका पन्नाशीच्या धडधाकट बाईची हकीकत नोंदवून ठेवली. रात्री झोप लागू लागली की सैतान आपल्यावर पडून आपल्याला दाबून धरतो, कधी मोठा कुत्रा, तर कधी चोर उरावर बसतो, असे तिला वाटे. धड श्वास घेता येईना, हातपाय हलवता येईनात. तिचे कण्हणे ऐकून नवरा तिला जागे करी. वैद्यबुवांनी सैतानाचा शोध घेतला नाही. हा आजार आहे, असे म्हणून त्यांनी रक्त काढण्यासारखे त्या काळचे उपचार सांगितले. त्यांची कारणमीमांसा आज कोणी मानणार नाही. परंतु त्या बाईच्या खोलीत त्यांनी दुसऱ्या कोणाला आरोपी म्हणून उभे केले नाही, हे महत्त्वाचे.

पुढे अवघ्या अठ्ठावीस वर्षांनी, अटलांटिकच्या पलीकडे, इंग्रजांच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या सेलम गावी हीच तक्रार वैद्याकडे न जाता न्यायासनापुढे गेली. १६९२ साली तेथे चेटकिणींवरचे खटले उभे राहिले. पहिली आरोपी ब्रिजेट बिशप. तिच्याविरुद्ध जॉन लाउडर नावाच्या शेजाऱ्याने साक्ष दिली, ती अशी : सात-आठ वर्षांपूर्वी तिच्या कोंबड्या आमच्या बागेत शिरत, त्यावरून आमचे वाजले. पुढे एका रात्री छातीवर भार वाटून मला जाग आली. चांदणे स्वच्छ होते. पाहतो तो ब्रिजेट, किंवा तिच्यासारखीच कोणी, पोटावर बसलेली. तिने गळा धरला. माझ्या हातांत प्रतिकाराचे बळ नव्हते. रिचर्ड कोमन नावाच्या दुसऱ्या साक्षीदारानेही आठ वर्षांपूर्वीची रात्र सांगितली : ती उरावर पडली, आणि शेजारी निजलेल्या बायकोला हाक मारण्याइतकेही त्राण उरले नाही. या माणसाला आपण ओळखतही नाही, असे ब्रिजेट लाउडरविषयी म्हणाली. तिच्याविरुद्ध दुसरेही पुरावे मांडले गेले होते, हे खरे. पण या रात्रींच्या कहाण्या त्यांत वजनदार ठरल्या. १० जून १६९२ रोजी तिला फाशी झाली. सुझाना मार्टिन या विधवेवरही असाच आरोप आला. बर्नार्ड पीच म्हणाला, ती खिडकीतून आली आणि सुमारे दोन तास अंगावर पडून राहिली. १९ जुलैला तीही फासावर गेली.

हे साक्षीदार खोटे बोलत होते काय? तसे मानण्याचे कारण नाही. भार खरा होता, हातपाय न हलणेही खरे होते, भीती तर खरीच. चेहरा तेवढा कोंबड्यांच्या भांडणाने पुरवला. आणि त्या रात्रीला न्यायालयात अर्थ मिळाला तो सात-आठ वर्षांनी, सारे गाव त्या बाईचे नाव घेऊ लागल्यावर. लबाडाची साक्ष उलटतपासणीत ढासळते. प्रामाणिक माणसाच्या अशा साक्षीला उलटतपासणी ती कशी करावी? आरोपी त्या रात्री आपल्या घरी निजली होती, हे सिद्ध झाले तरी उपयोग नव्हता. कारण तिची छाया आली होती, असे मानले जाई.

त्या वर्षी १९ जणांना फाशी झाली. ऑक्टोबरात राज्यपाल विल्यम फिप्स यांनी ते न्यायालय बंद केले. जानेवारी १६९३ पासून नव्या न्यायालयाने छायेचा पुरावा बाजूस ठेवला आणि बहुतेक आरोपी सुटले. १६९७ मध्ये न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल यांनी बॉस्टनच्या प्रार्थनामंदिरात उभे राहून आपला दोष जाहीरपणे मान्य केला.

या अनुभवाला ‘निद्राघात’ या अर्थाचे वैद्यकीय नाव मिळाले ते १९२८ साली, किनियर विल्सन या डॉक्टरांकडून. १९५३ मध्ये शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप शोधली. फ्रान्समधील लियॉं येथे मिशेल झुव्हे यांनी १९५९ साली दाखवले, की या झोपेत स्नायू पार सैल पडतात. स्वप्नातले धावणे अंथरुणात होऊ नये, म्हणून मेंदूच शरीराला असा कुलूप घालतो. कधी मन जागे होते आणि कुलूप तसेच राहते. स्वप्नाचा उरलेला तुकडा खऱ्याखुऱ्या खोलीत दिसू लागतो. दीर्घ श्वास घ्यावा म्हटले तर छातीचे स्नायू ऐकत नाहीत, तोच तो भार. २०११ साली ३६,००० हून अधिक लोकांविषयीची संशोधने एकत्र तपासली गेली, तेव्हा शंभरात सुमारे आठ जणांना हा अनुभव आयुष्यात एकदा तरी येतो, असे दिसले.

ब्रिजेट बिशप आणि सुझाना मार्टिन यांना मॅसॅच्युसेट्स राज्याने कायद्याने निर्दोष ठरवले ते ३१ ऑक्टोबर २००१ रोजी, म्हणजे ३०९ वर्षांनी. छातीवर त्या रात्री कोणीच बसले नव्हते. भ्याले ते क्षणभर. पण त्या भीतीला शेजारणीचे नाव दिले गेले आणि त्याची किंमत तिने मोजली. झोपेतून दचकून उठल्यावर काय वाटावे, हे कोणाच्याच हाती नसते. कोणाचे नाव घ्यावे, हे मात्र पुरते जागे झाल्यावर ठरवता येते.