कापण्यासाठी लावलेलं जंगल

आजची गोष्ट न्यूझीलंडच्या वटवाघळांची. बघा, सील, देवमासे असे समुद्री प्राणी सोडले तर या देशाचे मूळ सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. माओरी लोक त्यांना ‘पेकापेका’ म्हणतात.

युरोपीय लोक येऊन वसले, आणि कुरणांसाठी, लाकडासाठी जुनी जंगलं तुटत गेली. १९१३ मध्ये सरकारी आयोगाने इशारा दिला की देशी लाकूड पुढे पुरणार नाही. उपाय ठरला मूळ कॅलिफोर्नियाचा रेडिआटा पाइन. भराभर वाढतो, साधारण २५-३० वर्षांत तोडायला तयार! १९२०-३० च्या दशकांत उत्तर बेटाच्या मध्यभागी त्याची प्रचंड लागवड झाली. महामंदीत बेकार झालेल्या माणसांनीही ही रोपं लावली.

हिशेबात हे जंगल नव्हतंच, पीक होतं. पण लांब शेपटीच्या वटवाघळांनी ते घर मानलं. वजन जेमतेम दहा ग्रॅम. दिवसा जुन्या पाइनच्या पोकळीत, सालीच्या फटीत झोपायचं आणि रात्री वनरस्त्यांवर, ओढ्यांकाठी किडे पकडायचे.

मी सॉफ्टवेअरवाला. टेम्पररी म्हणून उभा केलेला सर्व्हर आम्ही एक दिवस बंद करतो, आणि तेव्हा कळतं की कोणीतरी त्याच्यावरच विसंबून होतं. इथेही तेच झालं. किनलीथच्या पाइन जंगलात संशोधकांनी वटवाघळांना छोटे रेडिओ ट्रान्समीटर लावून माग काढला. सरसकट तोड झाली तिथे निवाऱ्याची झाडं गेली, वसाहती लहान झाल्या, फिरण्याचा परिसरही आक्रसला. त्यात मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, म्हणजे नुकसान पटकन भरून निघत नाही. थंडीत तर ती सुस्तावलेली असतात, झाड पडताना उडून जायलाही वेळ मिळत नाही.

२०२१ मध्ये याच वटवाघळाने तिथली ‘बर्ड ऑफ द इयर’ स्पर्धा जिंकली. पक्षी नसताना! लोक हसले, पण निदान त्याचं नाव घरोघरी पोचलं.

मला वाटतं, पाइन लावणं ही चूक नव्हती. लाकूड लागतंच, आणि ते इथून मिळालं की जुन्या जंगलावरचा भार कमी होतो. पण तोडीआधी डिटेक्टर लावून त्यांचे आवाज ऐकता येतात, पोकळ्या असलेली जुनी झाडं आणि ओढ्याकाठचे पट्टे राखता येतात. झाड कशासाठी लावलं हे आपण ठरवतो, पण त्यात कोण राहायला येईल हे आपल्या हातात नसतं. म्हणून कुऱ्हाड उचलण्याआधी आत कोणी आहे का, एवढं तरी विचारू या.

भेटू पुढच्या भागात!