कागजीपुऱ्याच्या भिंती

दौलताबादचा घाट चढून झाला की बैलगाडीतून उतरा. साल 1327. मुहम्मद तुघलकानं देवगिरीचं दौलताबाद केलंय, दिल्लीची दरबारी मंडळी चाळीस दिवसांची वाट तुडवून इकडे आली आहेत आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे कारागीरही. तुघलकी कारभार म्हणून आपण आजही हसतो. पण राजधानी हलवायची म्हणजे दप्तर हलवायचं, आणि दप्तराला कागद लागतो. घाटावरच्या कागद करणाऱ्यांच्या गावात, कागजीपुऱ्यात, पिढ्यानपिढ्या सांगतात ते हेच, की आमचे पूर्वज त्या लोंढ्यातले.

पुढे सुलतान दिल्लीला परतला. तुम्ही मात्र इथंच थांबा, कारण सगळेच परतलेले नाहीत. पलीकडे खुलताबादेत, त्या काळच्या रौझ्यात, 1337च्या सुमारास सूफी संत बुरहानुद्दीन गरीब यांना माती दिली जाते. निजामुद्दीन औलियांच्या बैठकीतलं बोलणं टिपून ठेवणारा कवी अमीर हसन सिज्जी, तोही इथंच निजतो. लिहिणारे राहिले म्हणून कागद करणारेही राहिले, असा माझा तर्क आहे.

दोनशे वर्षं एका पावलात ओलांडा. किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या कचेरीत पैठणचा एक तरुण शिष्य एका पैच्या चुकीपायी रात्रभर वह्या उलटत बसलाय. चूक सापडली तेव्हा एकनाथांनी आनंदानं टाळी वाजवली, ही गोष्ट आपण शाळेतच ऐकलेली असते. वहीच्या कागदाबद्दल कोणी काही सांगत नाही.

आता मात्र जरा टेका. मार्च 1760. फेब्रुवारीत उदगीरला निजामाचा मोड झालाय, तहात दौलताबाद पेशव्यांकडे आलंय, आणि सदाशिवरावभाऊ पडदूरहून उत्तरेकडे निघालेत. औरंगाबादेत अजून निजामाची राजधानी आहे, म्हणजे तिथं फारसी दप्तर. पुण्यात मोडी दप्तर. दोन्हीकडे दौलताबादी कागदाला गिऱ्हाईक आहे. लढाई कोणीही जिंको, खलिते दोघांनाही लिहावे लागतात.

कागजीपुऱ्याच्या गल्लीत शिरताना आधी चुन्याचा वास नाकात जातो, मग कुजलेल्या तागाचा. झाडाचं लाकूड इथं कोणी कागदासाठी वापरत नाही. जुने दोर, फाटकी गोणपाटं, तागाच्या चिंध्या बारीक तोडून चुन्याच्या पाण्यात भिजत घातलेल्या आहेत. त्या कुटायच्या, वाहत्या पाण्यात धुवायच्या, पुन्हा चुना, पुन्हा कुटणं. धप्, धप् असा आवाज येतोय तो ढेकीचा: खड्ड्यावर आडवा टाकलेला जाड ओंडका, एका टोकाला दोघं जण पाय देतात, दुसरं टोक उचलून लगद्यावर आदळतं. तिसरा माणूस खड्ड्यात हात घालून लगदा परततो. त्याचा हात आणि ओंडका यांच्यात किती अंतर राहतं, ते न बघितलेलं बरं.

आता अंगणातून आत चला, डोकं वाकवून. जमिनीत खोदलेला, चुन्यानं गिलावा केलेला हौद आहे आणि त्याच्या काठावर एक म्हातारा उकिडवा बसलाय. “जरा बाजू हो जाव, मियाँ. उजेड आडता.” दक्खनीत बोलतोय, तुम्ही सरका. तो काठीनं हौदातलं पाणी ढवळतो. पाणी ताकासारखं गढूळ, पांढुरकं. लाकडी चौकटीवर गवताच्या काड्यांची विणलेली चाळण पसरून ती दोन्ही बाजूंनी दाबून धरतो, उभी बुडवतो, आडवी करून वर काढतो, एकदा पुढे-मागे हलवतो, एकदा डावी-उजवीकडे. पाणी खाली गळतं, वर साय उरते. चाळण उलटी करून आधीच्या ओल्या तावांवर ठेवायची आणि एका कडेनं सोलून घ्यायची. ताव खाली राहतो, चाळण हातात येते. दोन तावांमध्ये कापड नाही, काही नाही. तरी ते एकमेकांना चिकटून बसत नाहीत. का, असं विचारलंत तर म्हातारा हसेल. गठ्ठ्यावर फळी, फळीवर दगड, आणि रात्रभर पाणी निथळत राहतं.

आता भिंतीकडे बघा, कारण या घराचं खरं यंत्र ती आहे. आपल्याला कारखाना म्हटलं की चिमणी, शेड, भोंगा आठवतो. इथं कारखाना म्हणजे राहतं घरच, फक्त उलट्या विचारानं बांधलेलं. भिंती चुन्यानं इतक्या गुळगुळीत घोटलेल्या, की तळहात फिरवला तर एक कण लागू नये. त्यांत कोनाडा नाही, खुंटी नाही, देखाव्याचा कोरीव पट्टा नाही, कारण प्रत्येक खोबण म्हणजे एक फाटका ताव. बायका ओला ताव अलगद उचलून भिंतीवर लावतात आणि कुंचल्यानं मधून कडेकडे झाडतात. हातभर वर दुसरा, त्यावर तिसरा. वाळला की ताव आपणहून कडेला सुटतो. भिंतीचा पोत कागदावर उमटतो. भिंत खडबडीत तर कागद खडबडीत. घराला गवंड्यानं वर्षाकाठी नवा हात दिला नाही, तर पुण्याच्या कारकुनाच्या बोरूला ते कळतं.

बोरूचंच सांगायचं तर, मोडी लिहिणारा हात ओळ संपेतो फारसा उचलत नाही. कच्च्या कागदावर बोरू अडकतो आणि शाई पसरते. म्हणून वाळल्या तावाला गव्हाची खळ लावून पुन्हा वाळवायचं आणि मग फळीवर ठेवून अकीकाच्या दगडानं घोटायचं. घोटणाऱ्या पोराचे खांदे बघा. चोवीस ताव झाले की एक दस्ता.

इथून पुढे उतार आहे आणि तो भरभर उतरायचा. 1763 मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला जाते. जवळचं मोठं गिऱ्हाईक तिथंच तुटतं. अमीर हसनच्या कबरीजवळ जागा घेऊन राहिलेले गुलाम अली आझाद बिलग्रामी 1786 पर्यंत लिहीत असतात, पण एका विद्वानावर गाव चालत नाही. 1882 मध्ये टिटागढची गिरणी निघते. 1900च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे दौलताबादवरून धावू लागते, आणि घाटाच्या पायथ्याशी गिरणीचा स्वस्त, पांढराशुभ्र कागद उतरतो. हजारो तावांचा पोत एकच. 1938 मध्ये तर निजामाच्याच राज्यात सिरपूर पेपर मिल्स स्थापन होते आणि त्या गावाला कागजनगर म्हणू लागतात. कागजीपुऱ्याला हा टोमणा वाटला असेल तर नवल नाही.

वर्ध्याला 1934 मध्ये गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला, पुण्यात 1940 मध्ये हातकागद संस्था उभी राहिली. हातकागद वाचला, पण त्याला भिंत लागेनाशी झाली. ढेकीच्या जागी विजेवर फिरणारा बीटर आला, तागाच्या जागी शिंप्यांकडची सुती कातरणं. ताव दोरीवर वाळतात, दाबयंत्रातून गुळगुळीत होऊन निघतात. अशा कामाला कुठलीही पत्र्याची शेड चालते. कागद घरातून बाहेर पडला आणि घर नुसतं राहायचं उरलं. मग भिंतीला खुंट्या आल्या, कॅलेंडर आलं, ऑइलपेंट आला. देवळा-मशिदींच्या वास्तूवर ग्रंथ लिहिले जातात. कारागिराची भिंत मात्र काम थांबलं की साधी भिंत होते, आणि पाडताना कोणाला परवानगीही लागत नाही.

आता आजच्या रस्त्यावर या. वेरूळला निघालेल्या गाड्या हॉर्न वाजवताहेत. हातकागदाची पिशवी, लग्नपत्रिका, फुलांच्या पाकळ्या घातलेले ताव हे सगळं विकत मिळतं. एक ताव उचला आणि दुकानात विचारा, “यावर शाईनं लिहिता येईल का?”

“पसरेल थोडी. प्रिंटरला एकदम बेस्ट आहे, साहेब.”