मामा, गाडी काढा!

गाडी तुमची आहे, म्हणून तुम्हाला बोलावलंय. 1970 सालचा ऑगस्ट सरत आलाय, रात्रीचे नऊ वाजलेत आणि शिवाजी पार्कच्या एका चाळवजा इमारतीखाली तुम्ही फियाटची काच पुसत उभे आहात. अख्ख्या गोतावळ्यात चारचाकी एवढीच. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहिली तेव्हा ती दारात आली, आणि आली त्या दिवसापासून तुम्ही घराण्याचे बिनपगारी ड्रायव्हर झालात. बारसं असो, बाळंतपण असो, ‘मामाला सांगा.’ आज भाचा, नंदू, अमेरिकेला निघालाय.

सवयीनं हात खिशाकडे जातो. राहू द्या. वाटेत किती गर्दी आहे हे सांगणारं यंत्र त्या खिशात नाही. तिथे किल्ली, रुमाल आणि पावसानं गाडी बंद पडली तर प्लग पुसायला एक फडकं आहे.

वरून बॅग उतरते. दुपारीच रद्दीवाल्याच्या काट्यावर ती दोनदा चढलीय, कारण वीस किलोच्या वर एक पुडी चालत नाही. पहिल्यांदा काटा तेवीसवर गेला, तेव्हा ताईनं गोडा मसाला ठेवला आणि पुस्तकं काढली. ती पुस्तकं आता नंदूच्या ओव्हरकोटाच्या खिशात आहेत. अंगावरच्या कपड्यांचं वजन कोण करतंय? भर पावसाळ्यात, घामानं थबथबलेला, दोन्ही बाजूंनी फुगलेला तो पोरगा जिना उतरतो. हातावर दही, कपाळाला कुंकू. मधल्या मजल्यावरच्या काकू अजून एक लाडवांचा डबा पुढे करतात. तो नाही म्हणत नाही. डबा तुमच्या डिकीत येतो आणि उद्या तुमच्याच घरी संपणार हे सगळ्यांना कळतं.

आता बसा. पुढची सीट सलग बाकासारखी, गिअर स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढे तिघं ऐसपैस मावतात. मागे आजी, ताई, धाकटी भाची आणि आयत्या वेळी ‘मी पण’ म्हणालेला शेजारचा मुलगा. उरलेली पंधरा-वीस माणसं लोकलनं पार्ल्याला उतरून पुढे येणार आहेत. विमानतळाला नाव सांताक्रूझचं असलं, तरी टर्मिनल पार्ल्याच्या बाजूलाच.

कॅडल रोडनं माहीमपर्यंत जाता आणि मग कॉजवे लागतो. डावीकडे नुसता काळोख आणि खाऱ्या चिखलाचा वास. जिथे तुमचे डोळे सी-लिंकचे दिवे शोधतात, तिथे ते लागायला 2009 उजाडायचंय. हा कॉजवे 1845 चा. लेडी जमशेटजी जीजीभॉय यांनी पैसे दिले ते टोल घ्यायचा नाही या अटीवर. तुम्ही फुकटात खाडी ओलांडता. सी-लिंकवर टोल भरताना या बाईंची आठवण काढायला हरकत नाही.

रस्ता मोकळा. बांद्रा मागे पडतं, हायवे लागतो, एखादा ट्रक पाणी उडवत जातो. गाडीत मात्र कोणी बोलत नाही. शेवटी आजीच विचारते, “नंदू, विमानाचं नाव काय रे?”

एअर इंडियाच्या बोइंग 707 ना हिमालयातल्या शिखरांची नावं आहेत, हे तिनं पेपरात वाचलंय. “अन्नपूर्णा असलं तर बरं,” ती म्हणते. मग थोड्या वेळानं, “ते भाभा गेले, ते कुठलं होतं?”

“आई!” ताई ओरडते.

ते कांचनजंगा होतं. 24 जानेवारी 1966 ला मुंबईहून निघालेलं ते विमान माँ ब्लाँवर आदळलं, 117 माणसं गेली, त्यांत होमी भाभा. गाडीतल्या प्रत्येकाच्या मनात तेच आहे आणि न बोलायचं ठरवलेलंही तेच आहे. तुम्ही उगाच वायपरचं बटण दाबता.

भावोजी विषय बदलतात. “डॉलर नीट ठेवलेस ना?” आठ डॉलर. रिझर्व्ह बँकेचा पी फॉर्म मंजूर करून घेतल्यावर परदेशी जाणाऱ्याच्या हातात एवढंच परकीय चलन पडतं. 1966 च्या अवमूल्यनानंतर डॉलर साडेसात रुपयांना झालाय, म्हणजे साठ रुपये घेऊन हा मुलगा न्यूयॉर्कला उतरणार. काळ्या बाजारात आणखी मिळतात. पण भावोजी सरकारी नोकर, त्यांनी ते घरात बोलूही दिलं नाही.

विमानतळापाशी पोचलात की कळतं, आपली पंधरा-वीस माणसं म्हणजे काहीच नाहीत. एकेका प्रवाशामागे अख्खी वरात. गाडी कशीबशी लावता. हारांचा ओला वास, रडणारी पोरं, टोपी-धोतरातले म्हातारे, फ्लॅश उडवणारा फोटोग्राफर. गळ्यात चार हार पडलेला नंदू पाया पडत पडत पुढे सरकतो. वाकताना कोटाच्या खिशातून एक जाडजूड पुस्तक धपकन पडतं आणि तेवढ्यापुरते सगळे हसतात. तुमच्या पाया पडतो तेव्हा, “मामा, आईकडे लक्ष ठेवा” म्हणतो. मग कस्टम्सचं दार.

इथून पुढे आजच्यासारखं घरी जायचं नाही. तिकीट काढून गॅलरीत चढायचं. तिथे गर्दीत कठड्याला रेलून सगळे खाली बघतात. ओल्या डांबरावरून माणसं छत्र्या धरून चालत जातात, जिना चढतात. “तो बघ, तो कोटवाला!” भाची ओरडते. कोटवाले सात-आठ आहेत. त्यांतल्या एकानं हात हलवला की सगळी गॅलरी आपापला हात हलवते. इंजिनांच्या आवाजात ताई काहीतरी म्हणते. तुम्हाला ऐकू येत नाही, आणि पुन्हा विचारावंसंही वाटत नाही. विमान जुहूच्या बाजूला, समुद्राकडे निघून जातं.

तिला सांगावंसं वाटेल की पुढे रोज रात्री मुलाचा चेहरा दिसेल. सांगू नका. मुंबईहून थेट लंडनला फोन फिरवता येण्यालाही अजून सहा वर्षं आहेत. आता पोचल्याची तार येईल तेव्हा येईल, आणि त्यानंतर निळ्या एअरोग्रामची वाट.

या काळाचे गोडवे मी गाणार नाही. आठ डॉलरांत पोराला परक्या देशात सोडणं हा जुलूमच होता. तिकीट एवढं महाग की मुलगा परत कधी दिसेल हे कोणालाही सांगता येत नव्हतं. पण एक गोष्ट त्या सांताक्रूझला होती: मागे राहणाऱ्यांसाठी जागा. 1981 मध्ये सहार सुरू झालं, 2014 मध्ये नवं टी-2 आलं, सगळं प्रशस्त आणि चकचकीत. तिथवर पोचायला तास-दीड तास लागतो, आणि दारातला निरोप शिट्टी वाजायच्या आत उरकावा लागतो. सुरक्षेची कारणं मला मान्य आहेत. ही घाई मान्य नाही. पुढच्या वेळी कुणाला सोडायला जाल तेव्हा गाडी रांगेत चालू ठेवू नका. पार्किंगचे पैसे भरा, बंद करा, उतरा आणि दारापर्यंत चालत जा.