दोन वर्षांची अट नेमकी कुणासाठी?

तलाकवर आपल्याकडे भरपूर बोलून झाले आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधानभवनावर गेले. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. १९८५ मध्ये शाहबानो निकाल आला. या साऱ्या गदारोळात चर्चा झाली ती बाईच्या पोटगीची. तिच्या कडेवरच्या लेकराचे काय, हे फार थोड्यांनी विचारले.

१९८६ चा मुस्लिम महिला कायदा आला, त्यात लेकराचा उल्लेख होता. तलाक झालेली आई मुलांना स्वतः सांभाळत असेल, तर मुलाच्या जन्मापासून दोन वर्षांपर्यंत वाजवी खर्च बापाने द्यावा. एवढे एक वाक्य, पण त्याचा गैरफायदा फार झाला. मूल दोन वर्षांचे झाले की आपण मोकळे, असा अर्थ बापांनी काढला आणि वकिलांनी तो कोर्टात मांडलाही.

ही दोन वर्षे कुठून आली? सूरह बकरहच्या २३३ व्या आयतीत दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षांची सांगितली आहे, आणि त्या काळात आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर टाकला आहे. ती मुदत दुधाची आहे. बापपणाची नव्हे. मुलाचा नफका हनफी फिकहमध्येही दुधाबरोबर सुटत नाही. ('नफका' आणि 'इन्फाक' एकाच धातूतले, अर्थ खर्च करणे. उर्दूच्या मास्तरला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न निकाली काढला. खटला बिहारचा, नूर सबा खातून हिचा. पदरात तीन मुले. खालच्या कोर्टाने दर मुलामागे महिना १५० रुपये मंजूर केले होते. नवऱ्याने तलाक दिला आणि १९८६ चा कायदा पुढे केला. पाटणा उच्च न्यायालयाने त्याचे ऐकून मुलांचा हक्क दोन वर्षांवर आणला. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. आईला मिळणारी दोन वर्षांची रक्कम वेगळी, आणि फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली मुलांचा स्वतःचा हक्क वेगळा. तो सज्ञान होईपर्यंत किंवा कमावते होईपर्यंत, आणि मुलीचा तिचे लग्न होईपर्यंत. माझ्या मते शाहबानोपेक्षा हा निकाल आपल्या घरांना जास्त उपयोगाचा होता, पण त्यावर मोर्चा निघाला नाही, म्हणून तो कुणाला ठाऊकही नाही.

रकमेचा इतिहासही बघण्यासारखा आहे. १८९८ च्या संहितेत महिना ५० रुपयांची मर्यादा होती, १९२३ मध्ये १००, १९५५ मध्ये ५००. नंतर चार दशके ती तिथेच थांबली. महाराष्ट्राने १९९९ मध्ये ती १५०० केली, आणि २००१ मध्ये केंद्राने मर्यादाच काढून टाकली. आता हे कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकाने आहे.

आमच्या नाशिक जिल्ह्यातली अडचण वेगळीच. मालेगावचा यंत्रमाग कामगार भिवंडीला निघून गेला की त्याच्या मजुरीची चिठ्ठीसुद्धा सापडत नाही. अशा आईने त्याच्या मागे भिवंडीला जायची गरज नाही. ती जिथे राहते तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. नागपूरच्या खटल्यातून निघालेल्या २०२० च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचे शपथपत्र द्यायला लावले, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायला सांगितली.

भेटीचा प्रश्न यातच गुंतवला जातो. 'पैसे देत नाही, मग मूल दाखवणार नाही' आणि 'मूल दाखवत नाही, मग पैसे देणार नाही', दोन्हीकडून मूल ओलीस. हनफी परंपरेत हिजानत आईची, मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली मात्र कोर्ट मुलाचे हित आधी पाहते. बापाची भेट आणि बापाचा खर्च हे दोन वेगळे अर्ज आहेत. एकाचा हिशेब दुसऱ्यात वळता होत नाही.

आणि एक, आयांनो: आदेश झाला, तरी थकलेल्या रकमेसाठी वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. 'देईल कधीतरी' म्हणून थांबलात तर जुन्या महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही.