संगतीचा दोष

धाकटा आठ वर्षांचा असताना पेरूच्या झाडावरून पडला. हातात धातूची पट्टी बसवली, हाड जुळलं. वर्षभराने डॉक्टर म्हणाले, "वाढतं वय आहे, पट्टी काढावी लागेल." पुन्हा भूल, पुन्हा चिरफाड! सासूबाई म्हणाल्या, "अगं, टाके विरघळतात, मग पट्टी का नाही विरघळत?"

मी वाचायला घेतलं, तर हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना निघाला.

पूर्वी विरघळणारा टाका म्हणजे बहुतेक करून मेंढीच्या आतड्याची तात. ऐकूनच आपण जैन बायका कानांवर हात ठेवू! पण १८७८ साली एडवर्ड ह्यूस या अमेरिकन डॉक्टरांनी रक्तवाहिनी बांधायला मॅग्नेशियमची तार वापरली. मॅग्नेशियम आपल्या हाडांत मुळातच असतं. तार शरीरात हळूहळू झिजली. पुढे ग्राट्सच्या एर्विन पायर यांनी रक्तवाहिन्या जोडायला याच धातूच्या नळ्या केल्या.

हाडापर्यंत हे नेलं बेल्जियमच्या आल्बँ लाम्बोत यांनी, १९०६-०७च्या सुमारास. मोडलेल्या पायाला मॅग्नेशियमची पट्टी लावली, पण खिळे घेतले पोलादाचे. आठ दिवसांत पट्टीचा चुरा आणि कातडीखाली वायूचा फुगा! शाळेत लिंबात तांब्याची नि जस्ताची पट्टी खोचून वीज दाखवायचे ना, तसंच झालं. शरीरातल्या खारट पाण्यात दोन धातू एकत्र आले आणि मॅग्नेशियम झपाट्याने गेलं.

"म्हणजे दोष धातूचा नाही, संगतीचा!" सासूबाई म्हणाल्या. लाम्बोत यांनाही तेच उमगलं. पुढे त्यांनी आणि त्यांचे सहायक व्हेरब्रुग यांनी पोलाद वगळून, कोपराच्या वर हाड मोडलेल्या मुलांवर हा उपाय केला. थोडी सूज आली, ती ओसरली. हाडं जुळली, धातू जिरून गेला.

मग न गंजणारं पोलाद आलं, टायटेनियम आलं, आणि मॅग्नेशियम मागे पडलं. शुद्ध धातू, सावकाश झिजणारे मिश्रधातू जमल्यावर ते परतलं. २०१३ साली जर्मनीतल्या अशा स्क्रूला युरोपात मान्यता मिळाली. अजून तो लहान हाडांपुरताच. मांडीचा भार त्याला पेलत नाही.

धाकट्याची पट्टी कापूनच काढावी लागली. पण त्या दिवशी सासूबाईंच्या प्रश्नाला हसले होते, त्याची आता लाज वाटते.