रेषेखालचे मूल

हेब्बाळ उड्डाणपुलाच्या परिसरात बांधकामावरच्या मजुरांची मुले ज्या अंगणवाडीत येतात, तिथे मध्यंतरी मी तासभर बसलो होतो. सेविका 'तूक' विचारते, म्हणजे वजन. (आपल्या जुन्या मराठीतही 'तुकणे' म्हणजे तोलणेच.) आकडा ती मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरते; ही पद्धत २०२१ पासूनची. कपाटात मात्र छापील वाढीचे तक्ते अजून होते.

या तक्त्याला मोठा इतिहास आहे. अठराव्या शतकात मोंबेयार या फ्रेंच गृहस्थाने १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षे आपल्या मुलाची उंची मोजली. डॉ. डेव्हिड मोर्ले यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास नायजेरियातील इमेसी गावी तक्ता आईच्याच हाती दिला. मूल रेषेच्या वर आहे की खाली, यापेक्षा त्याची स्वतःची रेषा चढते आहे का, हे त्यांना महत्त्वाचे वाटे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आपला तक्ता हार्वर्डच्या मापावर, म्हणजे अमेरिकेतील बोस्टनच्या मुलांच्या वजनांवर, बेतलेला होता. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७२ मध्ये ठरवल्याप्रमाणे त्या मापाच्या ८० टक्क्यांहून अधिक वजन म्हणजे सामान्य. ६० टक्के वा कमी म्हणजे तिसरी-चौथी श्रेणी. अहवालात 'तीव्र' म्हणून गाजे ती हीच.

२००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवी मानके दिली. सहा देशांतल्या, आईचे दूध मिळालेल्या निरोगी मुलांवरून ती काढली होती. त्यांत दक्षिण दिल्लीची मुलेही होती. २००८ मध्ये आपण ती स्वीकारली, आणि मुलगे व मुली यांचे तक्ते वेगळे झाले.

आता एक वर्षाचा, साडेसहा किलोचा मुलगा घ्या. जुन्या मापाने तो सुमारे ६५ टक्के, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत. अहवालाला त्याची फारशी चिंता नाही. नव्या मापाने तीव्रतेची रेषा ६.९ किलोवर, म्हणून तो थेट तीव्र. मुलाचे वजन तेवढेच, भूकही तेवढीच. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दारिद्र्यरेषेचे वाद आठवावेत असाच हा प्रकार! रेषा सरकली की 'वाढलेल्या' आकड्याचे उत्तर अधिकाऱ्याला द्यावे लागते. रेषा खाली होती तेव्हा मात्र त्याच मुलांबद्दल विचारणारे कोणी नव्हते.

हेब्बाळला त्या दिवशी एक नवे मूल आले. सेविकेने मागच्या महिन्याचे वजन विचारले. आई म्हणाली, तेव्हा आम्ही दुसऱ्या साइटवर होतो. पडद्यावर एकच ठिपका उमटला.